शालनचा घोट

आतल्या खोलीत शालन हाडांचा सापळा झालेली आणि तिचा नवरा स्वयंपाकघरात पेज ओरपतोय, हे बघून हिंदुरावाच्या डोक्यात तिडीक गेली. लिम्फोमामुळे, म्हणजे गाठींच्या कॅन्सरमुळे, बहिणीला गिळता येत नाही, एवढं ऐकूनच तो न कळवता गावाहून आला होता. निवासदाजींचं पोट मात्र चांगलं सुटलं होतं.

“माझी बहीण उपाशी मराय लागलीया, आन् तुमी हादडताय व्हय?”

तोंडात घोट असल्यामुळे निवासने नुसतं स्वतःच्या गळ्यातल्या चपट्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. तोवर नाकातोंडावर ठोसा बसला. रक्ताची धार पेजेत पडली. हिंदुरावाने त्याला भिंतीला रेटलं आणि दोन्ही हातांनी त्याचा गळा आवळला.

त्याच क्षणी आत वाटी खणकन पडली.

निवासला सोडून हिंदुराव आत धावला. शालन घुसमटत होती, तिचे डोळे पांढरे झाले होते. तिच्याही गळ्यात तसलाच पट्टा होता.

मागून निवास धडपडत आला. त्याने तोंडातलं रक्त कसंबसं गिळलं, तसा शालनचा गळा हलला आणि तिला श्वास आला.

“कॅन्सरवरच्या किरणांच्या उपचारांनी तिच्या गळ्याच्या नसा जळाल्या,” निवास म्हणाला. “हे पट्टे माझं गिळणं तिच्या गळ्यापर्यंत पोचवतात. मी गिळलं, तरच तिला गिळता येतं. माझ्यासमोर खायची लाज वाटते तिला, म्हणून मी बाहेर बसतो.”

त्याचा ओठ फुटला होता. शालन रिकाम्या वाटीकडे बघत होती.

हिंदुरावाने दोन वाट्या ताजी पेज आणली. एक बहिणीच्या हातात दिली. दुसरीतला चमचा फुंकर घालून निवासच्या फुटलेल्या ओठांशी नेला.

“खावा, दाजी. तिला भूक लागलीया.”