भोंग्याची दुरुस्ती

"आपला सुदाम गेला," आमदार कोळपे माइकवर म्हणाले. मैदानभर ऐकू गेलं, "आपला सोपान गेला." या निवडणुकीपासून पक्षाने माइकमध्ये चूक सुधारणारं यंत्र बसवलं होतं. साहेबांची जीभ घसरली तरी भोंग्यातून जे बरोबर तेच बाहेर पडायचं.

पण सोपानची बायको हौसाबाई व्यासपीठावरच, दोन हातांच्या अंतरावर बसली होती. कोळपे शाल द्यायला वाकले तेव्हा ती हळूच म्हणाली, "साहेब, तीस वर्षं तुमची पोस्टरं चिकटवली त्यांनी. भोंग्याला त्यांचं नाव ठाऊक, अन् तुम्हाला नाही?"

कोळप्यांचे कान तापले. शाल हातात तशीच धरून ते माइककडे वळले.

"साहेब, आता काही बोलू नका," सेक्रेटरी कुजबुजला. त्यांनी ऐकलं नाही.

"मला माफ करा. मी सोपानचं नाव विसरलो."

भोंगा म्हणाला, "मी सोपानचं नाव कधीच विसरणार नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. कोळप्यांनी माइक बाजूला सारून तेच पुन्हा ओरडून सांगितलं, पण त्या गलक्यात हौसाबाईशिवाय कोणालाच ऐकू गेलं नाही.

तिने त्यांच्या हातातली शाल काढून घेतली.

"बसा साहेब," ती म्हणाली. "लोक खूश आहेत."