राखण करणारा काकाकुवा

मुग्धा, आधी नुसतं ऐक, मध्ये बोलू नकोस. आपल्या पापाकुरात राहणाऱ्या वासंतीकाकूंचा काकाकुवा, तो गुंड्या, काका गेले त्याच आठवड्यात उडून गेला ना? तर काल कुणीतरी सांगितलं, हुनुआच्या रस्त्यावर एका शेतात पांढऱ्या काकाकुव्यांचा थवा उतरतो. काकू रिकामा पिंजरा मांडीवर घेऊन माझ्या गाडीत. गुडघे दुखतात म्हणून त्या काचा लावून आतच बसल्या आणि मला पाठवलं. म्हणाल्या, "आपला असेल तर तुला बघून पळणार नाही. पळाला की समज जंगली."

जाऊन बघतो तर सगळे सेम टू सेम. पांढरे, पिवळा तुरा, काळी चोच. बाकीचे खाली दाणे टिपतायत आणि एक जण झाडाच्या शेंड्यावर. त्यांचं तसंच असतं, एक राखण करतो, धोका दिसला की किंचाळतो. मी कुंपण ओलांडलं. त्याने तुरा फुलवला, माझ्याकडे बघितलं, पण किंचाळला नाही गं. बेल वाजली की काका सोफ्यावरून न उठता ओरडायचे ना, हुबेहूब त्या आवाजात म्हणाला, "वासंती, कोणीतरी आलंय गं."

आणि अख्खा थवा त्याचं ऐकून उडाला. मागोमाग तोही.

गाडीपाशी आलो तर काकूंनी काच खाली केली. "आपला होता का रे?"

तू काय सांगितलं असतंस?