बेटावरची वीज

"ऊन नसलं की वारा, वारा पडला की बॅटरी. बेटावरची वीज आता कधीच जाणार नाही!" नव्या वीजकेंद्राच्या उद्घाटनाला इंजिनियरसाहेब म्हणाले.

"आणि तुम्ही नसलात तर?" दवाखान्याच्या नर्स यशोमतीबाईंनी विचारलं. सगळे हसले. साहेबही हसले आणि कंट्रोल रूमला कुलूप लावून, चावी घेऊन बोटीने गेले.

चौथ्या दिवशी भर दुपारी वीज गेली. ऊन रणरणत होतं, पवनचक्की गरगरत होती. मुख्य स्विच तेवढा पडलेला कंट्रोल रूमच्या खिडकीतून दिसत होता. दवाखान्याच्या फ्रीजमध्ये बाळांच्या लसी होत्या. बाईंनी फोन लावला.

"मी रजेवर आहे. सोमवारी येतो," साहेब म्हणाले.

"तोवर लसी टिकायच्या नाहीत!" म्हणत बाईंनी दगडाने कुलूप फोडलं आणि स्विच वर केला. फ्रीज घुरघुरला तसा त्यांचा जीव भांड्यात पडला.

सोमवारी साहेबांनी लसींची चौकशी केली नाही. "सरकारी कुलूप फोडता?" असं ओरडून त्यांनी दुप्पट मोठं कुलूप लावलं, चावी खिशात टाकली आणि बोट पकडली.

बोट दिसेनाशी होताच बाईंनी सुताराला बोलावलं. त्याने बिजागऱ्या काढून कडीकुलपासकट दारच उतरवलं. दवाखान्यात त्या दारावर आता बाळांना झोपवून लस टोचतात.