न ऐकणारं खातं

"सरकार कुणाच्याही संगणकातलं काहीही ऐकत नाही!" अशी गर्जना मंत्रिमहोदयांनी ज्या दिवशी केली, त्याच दिवशी ऐकणाऱ्या खात्यात नऊशे कारकुनांची भरती निघाली.

शशिकलाबाई त्या खात्यात अर्ज घेऊन पोचल्या. "साहेब, यजमान गेले. संगणकावरून मुलीशी झालेलं त्यांचं शेवटचं बोलणं माझ्या हातून पुसलं गेलं. तुमच्याकडे असणारच. मला त्यांचा आवाज हवाय हो."

तोरणे कारकुनाने भिंतीवरचं परिपत्रक दाखवलं. "आम्ही कुणाचं काही ऐकत नाही, बाई."

डोळे पुसत त्या उठल्या. दाराशी पोचल्या, तेवढ्यात मागून हळूच हाक आली.

"बाई, परवा बहिणीला चकलीची भाजणी सांगताना तुमच्याकडची वीज गेली. उडदाच्या डाळीपर्यंत लिहून घेतलंय. पुढचं तेवढं सांगता का?"