साळसूद पेशी

“एवढ्याशा खड्याला ऑपरेशन कशाला हो?” रुक्मिणीबाईंनी विचारलं.

“खडा? आजी, कॅन्सर आहे. मूत्राशयाचा,” डॉक्टर दर्शना म्हणाल्या, आणि शेजारी बसलेल्या मुलाची, निलेशची, मान खाली गेली. ती मान बघूनच रुक्मिणीबाईंना कळलं, कार्ट्याला हे आधीपासून ठाऊक होतं.

मुतखडा आहे असं घरी येऊन ह्यानंच सांगितलं होतं. तेव्हापासून त्या रोज सकाळी कुळीथ उकळत होत्या. नवरा बिचारा नाक दाबून ते पाणी पीत होता. घाटकोपरच्या अर्ध्या चाळीला त्यांनी कुळथाचा गुण सांगितला होता!

“पहिल्या तपासणीत साधा वाटला,” डॉक्टर सांगत होत्या. “गाठीचा तुकडा पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. दुर्मिळ प्रकार निघाला. पेशी दिसतात अगदी निरुपद्रवी, पण खोल घुसतात. औषधानं मूत्राशय धुऊन भागणार नाही. काढावंच लागेल. पोटावर लघवीची पिशवी येईल. आणि उशीर नको.”

“म्हणजे दिसायला साळसूद नि आतून घर पोखरणारा.” रुक्मिणीबाई बोलल्या डॉक्टरांशी, बघत होत्या मुलाकडे.

“आई, बाबा घाबरले असते ना!”

“घाबरले असते तर घाबरले असते! जीव त्यांचा, भीती पण त्यांचीच. तू कोण रे मेल्या, ती खिशात घालून फिरणारा? काल ऑपरेशनचं काढलंस तेव्हा काय म्हणाले? खड्यासाठी पोट फाडून घेणार नाही. बरोबरच बोलले. मी पण नसतं घेतलं.”

“हळू बोल. ते बाहेर बसलेत.”

“का बसलेत बाहेर?”

त्यांनी उठून दार उघडलं. “अहो, आत या.”

धोंडूअण्णा टोपी सावरत दारात उभे राहिले. आत खुर्च्या दोनच.

“निल्या, ऊठ. ज्याच्या पोटाचं बोलणं चाललंय, त्याची ही खुर्ची.”

निलेश उठला. डॉक्टरांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. धोंडूअण्णांनी गुडघ्यांवर हात ठेवून ऐकलं.

“पिशवी लावल्यावर,” त्यांनी विचारलं, “भजनाला मांडी घालून बसता येईल?”

डॉक्टरांनी सवयीनं निलेशकडे पाहिलं.

रुक्मिणीबाईंची थाप टेबलावर पडली.

“तिकडं काय बघताय, बाई? विचारलंय ह्यांनी.”