भिजवलेलं बियाणं

सकाळी तागाचं नवं बी पेरून डोमाजी ढिगावरच लवंडले. जाग आली तेव्हा उजवा पाय गुडघ्यापर्यंत मुळांनी विणलेला होता.

बंद खाणीचा मातीचा ढीग तीन दिवसांत बांधून टाकणारं हे बी कोरडंच पेरायचं, असं पोत्यावर छापलं होतं. डोमाजींनी जन्मभर बी भिजवूनच पेरलं. हेही त्यांनी रात्रभर शेणपाण्यात ठेवलं होतं.

हाक ऐकून वनमाला कुऱ्हाड घेऊन धावली.

"मुळं तोडू नको वं माय! ढीग सुटला तर खाली वस्ती आहे."

"आन् तुम्ही, बाबा?"

"माहं खत होते. पोतं वाचून दाखवलं होतंस तू. ऐकलं कुठं म्या?"

मुळं मांडीकडे सरकत होती. खाली कोणीतरी पोरांना जेवायला बोलावत होतं. वनमालेनं ओढणी त्यांच्या मांडीला करकचून आवळली.

"डोळे मिटा."

तिनं मुळांना हात लावला नाही. सात घावांत पाय सुटला.

तिनं पाठीवर घेऊन खाली उतरवताना त्यांनी एकदाच विचारलं, "ढीग?"

"जागेवर आहे, बाबा."

मग तिच्या गळ्याभोवतीचे त्यांचे हात सैल झाले.