भिंतीवरचे बाबा

सरदार नेरोझो लढाई हरला आणि परागंदा झाला. पळालेल्या सरदाराचं चित्र चौकातल्या भिंतीवर उलटं टांगलेलं काढायचं, असा आमच्या फ्लोरेन्सचा रिवाज. ते काम माझ्याकडे आलं. एका पायाला दोर, डोकं खाली. वाड्यातली त्याची बाकीची चित्रं पंचांनी जाळली होती.

येणारेजाणारे हसत. "काय सरदार, उलटं गाव कसं दिसतंय?"

त्याची बायको तेस्सा मात्र तान्ह्या पिएराला घेऊन रोज भिंतीपाशी यायची. एकदा मला म्हणाली, "चितारीबुवा, चेहरा तरी हुबेहूब काढलात. पोरीला बाप दाखवायला एवढंच उरलंय."

सहा वर्षांनी माफी मिळाली, ती त्याच्या प्रेताला. देवळात शवपेटी उघडी ठेवली होती. तेस्सानं पिएराला पुढे केलं. "बाबांचा निरोप घे, बाळा."

"हे माझे बाबा नाहीत," म्हणत पोर मागे सरली.

मला राहवलं नाही. तिचं बोट धरून मी तिला पेटीच्या उशाशी नेलं आणि वाकून बघायला सांगितलं.



तिथून तो चेहरा उलटा दिसताच तिनं हळूच विचारलं, "बाबा, तुम्हाला खाली कोणी उतरवलं?"